पाचशे रुपये आणि भुऱ्याचा खांदा

"ताई, अर्धी तापाची गोळी द्या. मांजराला पायजे."

निपाणीत ऑगस्टची झड लागली होती आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दारात छत्री मिटत उभा होता आमच्याच गल्लीतला आठवीतला मुलगा. त्याची आई विड्या वळते. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. मांजराला ताप आहे हे कशावरून, असं मी विचारलं. "कान तापल्यात. तीन दिस झालं खाईना. आन् खांद्यावर ही एवढी गाठ आल्या," म्हणत त्याने मूठ पुढे केली.

गोळी मी दिली नाही. ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आपलं यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ बंदच असते. मग औषधाचं विष होतं, रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. त्या मुलाने मला विचारलं नसतं तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. त्याच्या घरात डब्यात तशा दोन गोळ्या होत्या, हे मला नंतर कळलं. अर्धी की पाव एवढंच विचारायला तो आला होता.

मी डी. फार्म. केलं आहे आणि ११ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर आहे. जनावरांची डॉक्टर मी नाही. पण असं विचारायला महिन्यातून एखादा तरी येतो, म्हणून त्या मांजराचं, म्हणजे भुऱ्याचं, सगळं मी दिवसागणिक वहीत लिहून ठेवलं. खर्चासकट.

रात्री दुकान बंद करून त्यांच्याकडे गेले. एका खोलीचं घर, पुढे सोपा. सोप्यात मावशी मांडीवर सूप घेऊन बसलेली, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, सुपात जर्दा. भुऱ्या आतल्या खोलीत कॉटखाली भिंतीला पाठ लावून बसला होता. तीन वर्षांचा बोका, नसबंदी न झालेला, रात्रभर कौलांवर हिंडणारा. चार रात्रींपूर्वी कौलांवर मोठी मारामारी झाली होती आणि सकाळी हा पुढचा डावा पाय उचलून आला होता. अंगावर रक्त नव्हतं, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

घरचा डिजिटल थर्मामीटर नेला होता. टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात मिनिटभर धरला. मुलाने त्याला जाड टॉवेलात गुंडाळून धरलं होतं. १०४.२ फॅरनहाइट. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ असतं, म्हणजे आपला ताप तिच्या अंगात रोजचाच. म्हणून कानाला हात लावून काही कळत नाही. हिरड्या गुलाबी होत्या. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली तर ती सावकाश खाली गेली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. श्वास तोंड मिटूनच चालला होता, ही दिलाशाची गोष्ट. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर असतं तर मी सकाळची वाट पाहिली नसती.

डाव्या खांद्यावर मोठ्या लिंबाएवढी फुगीर, गरम गाठ. केस बाजूला केल्यावर मध्यभागी बाजरीच्या दाण्याएवढ्या दोन खपल्या दिसल्या. बोक्याचे सुळे सुईसारखे बारीक आणि लांब. ते खोल रुततात, बाहेर पडतात आणि कातडी काही तासांत मिटते. दाताबरोबर आत गेलेले पाश्चरेलासारखे जिवाणू मात्र आत कोंडले जातात. दोन ते पाच दिवसांत तिथे पू साठतो. वरून बघणाऱ्याला जखम दिसतच नाही. जखम होते त्या दिवशी मांजर हिंडतं-फिरतं आणि आपण विसरून गेल्यावर ते आजारी पडतं.

त्या खपल्यांवर हळद, चुना आणि तंबाखूचा चुरा थापलेला होता.

यावर जरा थांबून लिहिते, कारण मावशीला नावं ठेवायची नाहीत. तिच्या माहेरी गुरांच्या जखमेत अळ्या पडल्या की तिचे वडील तंबाखू भरायचे आणि अळ्या गळून पडायच्या. ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. निपाणीत तंबाखू काय, उंबऱ्यापासूनच. वखारीच्या बोळातून गेलं की नाकात शिरते. पण बैल तीनशे-चारशे किलोंचा, आणि त्याला मांजरासारखं सगळं अंग चाटता येत नाही. मांजर तीन-साडेतीन किलोंचं, आणि अंगाला लागलेलं सगळं चाटून काढणारं. निकोटिन कातडीतूनही मुरतं आणि पोटातूनही भिनतं. लाळ, उलटी, थरथर, शेवटी श्वास बंद. भुऱ्याच्या हनुवटीखालचे केस लाळेने ओले झाले होते.

मी कोमट पाणी मागितलं. मावशी म्हणाली, "पोरी, पाणी लावू नगं. पाणी लागलं की जखम चिघळती." हे आमच्याकडे घरोघर म्हणतात. त्याच्याच जोडीला, भात खाल्ला की पू होतो. म्हणून तीन दिवसांपूर्वीच तिने त्याचा दूधभात बंद केला होता. त्या घरात मांजराला दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणजे "खाईना" यातला अर्धा भाग "मिळेना" असा होता. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते, आणि मग जखम बाजूला राहून यकृताचाच आजार होतो. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त. भुऱ्या हडकुळा, ते त्याचं नशीब.

मी तिला म्हटलं, पू आधीच झालाय मावशी, तो आत कोंडलाय, आता तो बाहेर काढायचा आहे. हे तिला पटलं. गळू पिकल्याशिवाय ठणका जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तंबाखू पुसून काढली आणि गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटं शेक दिला. फडकं आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं; आपल्याला सोसतं तेवढंच त्याला.

शेजारचे काका म्हणाले, नवं ब्लेड आहे, दिव्यावर धरून एक चीर देऊ. मी नको म्हटलं. गाठ कुठवर पसरली आहे, खाली शीर कुठे आहे, पिकलेला भाग कुठला, हे हाताला कळावं लागतं. चुकीच्या जागी कापलं तर पू आतल्या आत पसरतो. शिवाय दुखावलेलं मांजर त्याच क्षणी चावणार. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

पैशांचं बोलणं मग त्याच रात्री सोप्यात बसून झालं. मावशीने तांदळाच्या डब्यातून पाचशेची एक नोट काढली. पुढच्या शनिवारच्या पगारापर्यंत घरात एवढेच जादा होते. कोल्हापूर इथून चाळीसेक किलोमीटर. तिथे खाजगी दवाखाने चांगले आहेत. पण जायचं-यायचं भाडं, तपासणी आणि औषधं मिळून ही नोट पुरली नसती. त्याहून मोठा खर्च होता तिच्या दिवसाचा. विड्यांची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. ज्या दिवशी सूप मांडीवर नाही, त्या दिवशी पैसाही नाही. मांजराचा उपचार महाग की स्वस्त, हे औषधाच्या किमतीवरून ठरवतात, पण हातावर पोट असलेल्या घरात बुडालेला दिवस औषधाहून महाग पडतो. म्हणून ठरलं, सकाळी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मुलगा आणि मी जायचं. मावशीने कामावरून उठायचं नाही.

सकाळी आधी किराणा दुकानात थांबलो. भुऱ्याला कापडी पिशवीत घालून, पिशवीचं तोंड गळ्यापाशी धरून काट्यावर ठेवलं. पिशवीचं वजन वजा जाता ३ किलो ४०० ग्रॅम. मांजराचं औषध वजनावर ठरतं, अंदाजावर नव्हे. दवाखान्यात गुरं तोलायचा काटा असलाच, तरी त्यावर भुऱ्याचं वजन नीट उमटलं नसतं.

निपाणी कर्नाटकात, म्हणून दवाखान्यात पाटी कानडी, चिठ्ठी कानडी आणि डॉक्टर विजयपूरकडचे. त्यांचं मराठी तोडकं, माझं कानडी त्याहून तोडकं. ते गाठ दाबून म्हणाले, "गाय आळ इदे." दारात उभ्या एका आजींनी माझ्या आधीच सांगून टाकलं, "गाय न्हाई ओ डॉक्टर, मांजर हाय." कानडीत जखमेला गाय म्हणतात, जखम खोल आहे, असं ते सांगत होते. मुलगा शाळेत कानडी शिकतो, मग पुढचं सगळं त्याच्याच तोंडून झालं. कीवु म्हणजे पू, बिसि नीरु म्हणजे गरम पाणी. पुढचे १५ दिवस त्या घरात गरम पाण्याला बिसिनीरच म्हणत होते.

इथे मी एक गोष्ट केली, ती या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तपासणी सुरू व्हायच्या आधी मुलाला म्हटलं, डॉक्टरांना सांग, आमच्याकडे एकूण पाचशे रुपये आहेत, त्यातले साठ रिक्षाला गेले. आधी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. असं बोलायला लोक लाजतात. मग चिठ्ठीवर सात औषधं येतात आणि माझ्या काउंटरवर उभं राहून गिऱ्हाईक विचारतं, यातली कुठली दोन घेऊ? ते ठरवायचं माझं काम नाही, त्यांचंही नाही. आकडा आधी कळला की डॉक्टर तोच आजार वेगळ्या क्रमाने बघतात. आमच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि बोटांवर मोजलं: पू काढणं, प्रतिजैविक, खाणं. बाकी काही नाही.

तंबाखू लावली होती हे सांगितल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तोंड उघडून बघितलं, बुबुळं बघितली, हृदयाचे ठोके मोजले. मग गाठीवरचे केस कापले, कडेने बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि गाठीच्या सगळ्यात खालच्या, मऊ झालेल्या भागात चीर दिली. खाली का, तर पू आपल्या वजनाने उतरून वाहून जावा म्हणून. अर्धा कप भरेल एवढा पिवळट-तपकिरी, घाण वासाचा पू आला. सिरिंजने आत मिठाचं पाणी सोडत राहिले, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. टाका घातला नाही. पट्टीही बांधली नाही. आत पू असलेली जखम शिवली किंवा गच्च बांधली, तर आपणच तिचं दार लावल्यासारखं होतं.

वेदनेचं मेलॉक्सिकॅमचं एक इंजेक्शन, कातडीखाली सलाईन. घरी वेदनेचं कुठलंही औषध द्यायचं नाही, मूत्रपिंडावर येतं, असं त्यांनी दोनदा बजावलं. प्रतिजैविक म्हणून लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचं पावडरचं सिरप लिहिलं, भुऱ्याच्या वजनावर मोजून १ मिली, दर १२ तासांनी, १० दिवस. ही मात्रा ३ किलो ४०० ग्रॅमच्या भुऱ्याची, त्या ताकदीच्या बाटलीतली. दुसऱ्या मांजराला तीच देऊ नये, कारण बाजारात त्याच नावाच्या बाटल्या दोन-तीन ताकदींत येतात.

रक्त तपासायचं का, असं मी विचारलं. बोक्यांच्या चावण्यातून मांजरांना रोगप्रतिकारशक्ती पोखरणारा एक विषाणू लागू शकतो. तो माणसाला लागत नाही. डॉक्टर म्हणाले, तपासणीत तो सापडला तरी आज मी हेच करणार आहे, मग ते पैसे अंड्यांना ठेवा. हे उत्तर मी आता गिऱ्हाइकांनाही सांगते. ज्या तपासणीने उद्याचा उपचार बदलणार नाही, ती तंगीत मागे ठेवता येते.

घरची व्यवस्था मावशीच्या घरात जे होतं त्यातूनच झाली. मिठाचं पाणी: अर्धा लिटर पाणी खळखळून उकळायचं, सपाट एक लहान चमचा मीठ, झाकून कोमट होऊ द्यायचं, रोज नवं. मीठ जास्त झालं तर झोंबतं आणि नवं मांस सुकतं. सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजने दिवसातून दोनदा धुवायचं. पहिले दोन दिवस पोव्हिडोन आयोडीन, तेही बाटलीतलं तसंच नव्हे, तर पाण्यात थेंब थेंब टाकून फिकट कोऱ्या चहाच्या रंगाचं. मावशीच्या कोनाड्यातली जंतुनाशकाची बाटली, पाण्यात टाकली की दुधासारखी पांढरी होणारी, ती मी उचलून वर ठेवली. त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. फेस बघून बरं वाटतं, पण तो नव्या मांसालाही जाळतो.

मागच्या पायाच्या नखांची टोकं नेलकटरने उडवली, कारण खांद्यावरची जखम तो चाटण्यापेक्षा मागच्या पायाने खाजवणार. जुन्या लुगड्याची लांब पट्टी कापसाभोवती गुंडाळून गळ्यात चुंबळीसारखं मऊ कडं केलं. त्यात दोन बोटं सहज जावीत, नाहीतर गळ्याला काचतं. माश्यांची मोठी भीती होती. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या होतात. मावशीच्या बहिणीकडे बाळाची घडीची मच्छरदाणी पडून होती. भुऱ्याला आतल्या खोलीत, जर्द्याच्या धुळीपासून लांब, त्या मच्छरदाणीखाली ठेवलं. हा उपाय एक पैसाही न खर्चता झाला आणि दुकानातल्या कुठल्याही स्प्रेपेक्षा चांगला ठरला.

सिरप कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मावशीकडे फ्रिज नाही. बाटली माझ्या घरी राहिली आणि मुलगा सकाळी सातला, संध्याकाळी सातला वाटीत सिरिंज घेऊन यायचा. एकही वेळ चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी धुताना भुऱ्याने मान वळवली आणि मुलाच्या बोटावर दात घासला. रक्त आलं नाही, कातडी सोलवटली. त्याला वाटलं, घरचंच मांजर, काय होतंय. मी त्याला नळाखाली उभं केलं आणि साबण लावून १५ मिनिटं घड्याळ लावून बोट धुवायला लावलं, मग तडक माणसांच्या सरकारी दवाखान्यात. भुऱ्याला कधी लस दिलेली नव्हती आणि त्याला चावणारा बोका कुठला, कुणाला माहीत नव्हतं. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८व्या दिवशी, दंडाच्या कातडीत. चावणारं मांजर १० दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिलं तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतात. मावशीने मात्र सगळे डोस पुरे करून घेतले. मांजरावर पाचशे खर्च करणाऱ्या घराने माणसाची मोफत लस टाळली, असं मी काउंटरवर फार वेळा ऐकलं आहे. ते ऐकून मला आजही धास्ती वाटते.

खाण्याचं असं झालं. पहिल्या संध्याकाळी त्याने तोंड फिरवलं. मावशीने मूठभर सुकट तीन पाण्यांतून धुऊन मीठ काढलं, भाजून चुरली आणि कोमट उकडलेल्या अंड्यावर भुरभुरली. वासाने तो उठला. मांजराचं नाक तापात मंदावतं, म्हणून अन्न कोमट हवं आणि वासाचं हवं. दुसऱ्या दिवसापासून कोंबडीचं काळीज आणि बारीक मासे, नुसते उकडलेले, कांदा-लसूण-तिखट न घालता. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. भाताबद्दल मी मावशीशी वाद घातला नाही. थोडा भात कालवला तरी पू होत नाही, पण जखम भरायला मांस लागतं, एवढंच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ताप १०१.८. चौथ्या दिवशी तो मच्छरदाणीतून बाहेर यायला धडपडू लागला. चीर कोरडी दिसत होती, वर छान काळसर खपली.

आणि इथे चूक झाली, ती माझी. मी मावशीला सांगितलं, खपली धरली, आता शेक थांबवा, हात लावू नका. माणसाच्या ढोपराच्या जखमेला जे लागू, तेच मी इथे लावलं. सहाव्या दिवशी सकाळी मुलगा सिरिंज घ्यायला आला तो रडवेला. भुऱ्याने अंडं तसंच ठेवलं होतं. जाऊन बघितलं तर खांदा पुन्हा फुगलेला, ताप १०३.६.

पुन्हा रिक्षा, पुन्हा चिठ्ठी. डॉक्टरांनी खपली गरम पाण्याने भिजवून काढली आणि खालून पू आला. या वेळी त्यांनी चिमटा आत घालून बराच वेळ शोधलं आणि तांदळाच्या कणीएवढा टोकदार तुकडा बाहेर काढला. दुसऱ्या बोक्याच्या नखाचं टरफल. ते आत असेपर्यंत कुठल्याही औषधाने जखम खरी भरली नसती. पण खपलीने दार लागलं नसतं तर पू साठलाही नसता, हेही त्यांनी मला सरळ सांगितलं. अशी जखम तळापासून वर भरत यायला हवी; कडा आधी मिटल्या तर खाली पोकळी राहते. म्हणून दिवसातून तीनदा शेक, दर वेळी कोवळी खपली भिजवून काढायची, निदान पाच दिवस. त्याच वेळी त्यांनी भुऱ्यालाही रेबीजची लस टोचली.

मी मावशीसमोर कबूल केलं की मी चुकीचं सांगितलं. ती म्हणाली, "तू नसतीस तर गोळीच दिली असती की आम्ही." मला त्याने बरं वाटलं नाही. चुकीची किंमत भुऱ्याने दोन दिवस सोसली होती आणि सत्तर रुपये तिच्या डब्यातून गेले होते. रिक्षाचे पैसे मी द्यायला गेले, ते तिने घेतले नाहीत.

सातव्या दिवशी सिरपचा प्रश्न आला. ३० मिलीची बाटली, रोज २ मिली, म्हणजे १४ गेले आणि अर्ध्याहून जास्त शिल्लक. "अजून अर्धी बाटली हाय की," मावशी म्हणाली, आणि तिचं म्हणणं पैशाच्या बाजूने अगदी रास्त होतं. पण कालवलेल्या सिरपची ताकद फ्रिजमध्येही साधारण ७ दिवसच टिकते. त्यानंतर ते फक्त गोड पाणी होत जातं. जिवाणू अर्धवट मरतात आणि उरलेले निगरगट्ट होतात. दुसरी बाटली घेतली. तिच्यातलं थोडंच लागलं, बाकी टाकलं. तंगीच्या घरात औषध ओतून देणं किती जिवावर येतं, हे मला त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर दिसलं. याच जागी बहुतेक घरांतला उपचार मोडतो.

वहीतला हिशोब असा: रिक्षा दोन वेळा मिळून १२०, परत येताना दोन्ही वेळा चालत आलो. चिठ्ठ्या २०. सिरपच्या दोन बाटल्या १२८. पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली ४८, सिरिंज १८, गॉज २५. पाच अंडी ३५, काळीज आणि मासे मिळून ४०. एकूण ४३४. डब्यात ६६ परत गेले. गॉज खरं तर लागलंच नाही, जुन्या धोतराचं उकळून वाळवलेलं फडकं पुरलं असतं.

आठव्या दिवशी ताप नाही. नवव्या दिवशी जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलसर मांस दिसू लागलं. हेच हवं होतं. राखाडी, काळं किंवा घाण वासाचं काही दिसतं, तर लगेच परत न्यायचं ठरलं होतं. १२व्या दिवशी सिरिंजचं टोक आत जाईना, पोकळी भरली होती. १७व्या दिवशी कडा जुळल्या. गळ्यातलं कडं मुलाने त्या दिवशी काढलं आणि भुऱ्या तासभर अंग चाटत बसला.

डॉक्टरांनी जाताना नसबंदीचं सांगितलं होतं. बोक्याची शस्त्रक्रिया लहान असते, आणि त्यानंतर हद्दीसाठी आणि मादीसाठी होणाऱ्या मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात. जखम पूर्ण भरून महिना झाल्यावर या, म्हणाले. मावशीला आधी ते पाप वाटलं. मग मुलाने तिला विचारलं की कौलांवर पुन्हा असं झालं तर पुढच्या वेळी पाचशे कुठून आणायचे. ती काही बोलली नाही. पण शनिवारच्या पगारातले वीस रुपये आता ६६ च्या शेजारी वेगळ्या पुडीत पडतात. तोवर दिवेलागणीला भुऱ्या घरात आणि कौलाचं उघडं गवाक्ष पोत्याने बंद.

मुलाचा २८व्या दिवसाचा डोस झाला, त्या दिवशी खांद्यावर आखूड, मखमली केस आले होते. समोरचा बोका अजून रात्री कौलांवर येतो आणि हा आतून गुरगुरतो. दर दोन-तीन दिवसांनी मुलगा त्याला मांडीवर घेऊन अंगभर केस उलटे करून बघतो, बाजरीच्या दाण्याएवढी खपली कुठे लागते का ते. काल संध्याकाळी औषधाची जुनी सिरिंज परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, "ताई, आज बगितलं. काय न्हाई."